सातव्या घंटीला

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५, रात्र

परवा रविवारी जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा झाली. महिनाभर माझे विद्यार्थी कांजी, म्हणजे जपानीतली चित्राक्षरे, आणि व्याकरण यांच्या ओझ्याखाली होते, म्हणून आजच्या वर्गात पुस्तक उघडायचे नाही असे मी आधीच ठरवले होते. शिवाय आजची तारीख माझ्या लेखी साधी नाही. १९९८ साली याच दिवशी जपानी गायक-गीतकार उतादा हिकारू यांचे पहिले सिंगल जपानमध्ये प्रकाशित झाले. त्यात ‘ऑटोमॅटिक’ आणि ‘टाइम विल टेल’ ही दोन गाणी होती. त्याआधी ‘क्यूबिक यू’ या नावाने एक इंग्रजी अल्बम येऊन गेला होता. पण स्वतःच्या नावाने आणि मुख्यतः जपानी भाषेत केलेले पदार्पण हेच. शब्द आणि चाल दोन्ही स्वतःची, आणि वय वर्षे पंधरा.

वर्गात मी ‘ऑटोमॅटिक’ची पहिली ओळ तीनदा ऐकवली आणि जे ऐकू येईल ते लिहून काढायला सांगितले. ओळीतला एकही शब्द अवघड नाही. सातव्या घंटीला तू रिसीव्हर उचललास, एवढाच तिचा अर्थ. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो कळावा. तरीही बहुतेकांच्या वह्यांत पहिले ‘ना’ हे अक्षर आणि त्यापुढे कोरी जागा होती. एका मुलीने मान वर करून विचारले, “सेन्सेई (जपानीत शिक्षकांना असेच हाक मारतात), ‘रुदे’ म्हणजे काय?”

मला मनापासून आनंद झाला, कारण तिने अगदी बरोबर ऐकले होते. ‘रुदे’ असा शब्द तिथे नाही, पण गाण्यात मात्र तो तसाच येतो. ‘नानाकाइमे’ म्हणजे सातव्या वेळी. त्यातला पहिला ‘ना’ एकटा गायला जातो आणि मग विराम. पुढे ‘नाकाइमे नो बे’, पुन्हा विराम. घंटीसाठी जपानीत ‘बेरु’ हा शब्द आहे. त्यातला ‘बे’ अलीकडे राहतो आणि ‘रु’ विरामाच्या पलीकडे जाऊन ‘दे’ या प्रत्ययाला चिकटतो. ‘उचललास’ या अर्थाचा ‘तोत्ता’ हा शब्दही असाच मधोमध चिरला आहे: ‘तो’ एकीकडे, ‘त्ता’ दुसरीकडे.

शाळेत आमच्या मराठीच्या बाईंनी शार्दूलविक्रीडित शिकवताना बाराव्या अक्षरावरची यती फळ्यावर उभी रेघ मारून दाखवली होती आणि त्या रेघेवर शब्द तुटला तर तो यतिभंग, म्हणजे वृत्ताचा दोष, असे बजावले होते. आज मी फळ्यावर तशाच उभ्या रेघा मारल्या. या गाण्याच्या एकाच ओळीत तीन यतिभंग आहेत आणि माझ्या मते गाण्याचा जीव तिथेच आहे. जपानी भाषेत उच्चाराचे माप मात्रेसारखे असते. ‘तोत्ता’ या शब्दात त्या जोडाक्षराच्या आधी एक मात्राभर आवाज थांबतो आणि ती शांतताही मोजली जाते. शब्दाच्या पोटात मुळात असलेली ती शांतता ताणून नेमकी तिथेच विरामाची जागा करणे, हे ज्या कानाला सुचले त्या कानाचे मला आजही नवल वाटते. बोलताना आपण शब्द सांभाळतो; इथे ताल सांभाळला आहे आणि शब्द त्याच्यावरून पाण्यासारखे वाहत गेले आहेत. म्हणूनच जपानीचे अक्षरही न कळणाऱ्या माणसाच्या मानेला हे गाणे डोलायला लावते. अमेरिकेतल्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) संगीताचा प्रभाव असे म्हणून अनेकजण हा विषय दोन शब्दांत मिटवतात. तो प्रभाव आहेच. उतादा यांचा जन्मही १९८३ सालचा, न्यूयॉर्कमधला. पण जपानीचा ‘बेरु’ कुठे तोडायचा हे न्यूयॉर्क कोणाला शिकवू शकत नाही.

उतादा यांच्या आईचा वारसा तर याहून वेगळा. ही आई म्हणजे फुजी केइको. एन्का, म्हणजे जुन्या वळणाची भावुक जपानी गाणी, गाणाऱ्या या गायिकेने १९६९ साली पदार्पण केले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या खरखरीत, दुखऱ्या आवाजाने सारा जपान व्यापला. त्यांची आई दृष्टिहीन होती, शामिसेन हे तीन तारांचे वाद्य वाजवत असे. वडील रोक्योकू हे कथागायन करत. गावोगाव हिंडून गाणाऱ्या घरातला तो गळा. एन्कामध्ये स्वराला जी मुरकी देतात तिला ‘कोबुशी’ म्हणतात. ‘ऑटोमॅटिक’मध्ये ती कुठेही नाही, पण स्वर संपत आला की आवाजात जो बारीक, झपाट्याचा कंप येतो तो ऐकताना मला दर वेळी ती आई आठवते. २०१३ साली त्या गेल्या, तेव्हापासून तर अधिकच.

विक्रीचे आकडे मी वर्गात ओझरते सांगितले. हे सिंगल दोन आकारांत आले, ८ सेंटीमीटरची छोटी सीडी आणि १२ सेंटीमीटरची मोठी. ओरिकॉन या जपानी संस्थेच्या साप्ताहिक खपाच्या यादीत दोन्हींची गणना वेगळी झाली. मोठी दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली, छोटी चौथ्यापर्यंत, आणि पहिला क्रमांक दोघींपैकी कोणालाच मिळाला नाही. दोन्ही मिळून खप मात्र वीस लाखांच्या वर गेला. मार्च १९९९ मध्ये आलेला ‘फर्स्ट लव्ह’ हा अल्बम जपानमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम आहे. चित्रफितीविषयी मुलांना जास्त कुतूहल होते: ठेंगणी खोली, सोफा, आणि त्याच्यासमोर गुडघे वाकवून, जणू छत डोक्याला लागेल अशा बेताने डोलणारी ती आकृती.

वर्ग संपल्यावर मी घरी पुन्हा गाणे लावले. पहिल्या ओळीनंतर लगेच येणारी गोष्ट मला सर्वात जवळची वाटते. फोन करणाऱ्याने नाव सांगितलेले नाही, तरी पलीकडच्या माणसाने आवाजावरून ओळखले आहे. १९९८ साली मीही पंधरा वर्षांचीच होते. बाबा बदलीच्या गावी असत आणि रात्री नऊनंतर एसटीडी बूथवरून फोन करत. आमचा फोन टीव्हीशेजारी, विणलेल्या रुमालाखाली असे. आई हातातले काम टाकून येईपर्यंत पाच-सहा घंट्या होत. तिने रिसीव्हर उचलला की तिकडून बाबा फक्त “मी” एवढेच म्हणत आणि तिचा चेहरा उजळे. आजच्या मुलांच्या पडद्यावर फोन वाजण्याआधी नाव उमटते, त्यामुळे ही ओळ त्यांना थोडी समजावून द्यावी लागते. पण पुढच्या कडव्यात संगणकाच्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या अक्षरांवर हात ठेवून ऊब शोधण्याची जी कल्पना आहे, ती मात्र त्यांना लगेच कळली.

काही वर्षांपूर्वी टोकियोत जुन्या सीडींच्या एका दुकानात मला या सिंगलची ८ सेंटीमीटरची प्रत मिळाली. तिचे वेष्टन उभट आणि अरुंद असते. कविता लिहिण्याच्या कागदी पट्टीला जपानीत ‘तान्झाकू’ म्हणतात, त्यावरून या आकारालाही तेच नाव पडले. आतला प्लास्टिकचा साचा मधोमध मोडता येईल असा केलेला असतो. मोडून वेष्टन दुमडले की ते चौकोनी होते आणि खणात सहज मावते. माझ्या आधीच्या मालकाने तो मोडला नाही. आज मी ती प्रत मुलांना दाखवायला नेली होती, ‘रुदे’ विचारणाऱ्या मुलीने ती दोन्ही हातांत धरून उलटसुलट पाहिली आणि साच्यावरच्या त्या रेषेवरून बोट फिरवत विचारले, “इथेही तुटते का, सेन्सेई?” मी हो म्हटले. तिने वेष्टन अलगद मिटून परत माझ्या हातात दिले.