केक उंच हवा तर डब्याची उंची विचारा : माझा अनुभव

मैदा चाळणं, बटर-साखर फेटणं, अंडी एकेक करून घालणं, यात मला कधीच अडचण आली नाही. केक मऊ व्हायचा, घरात दोन दिवससुद्धा टिकत नसे. पण भाचीच्या वाढदिवसाला तीन थरांचा उंच केक करायचा होता आणि माझा प्रत्येक थर दीड इंचाच्या आतच अडायचा.

अडलं होतं ते डब्यापाशी. नाशिकमध्ये मेन रोड, रविवार कारंजा, भांडी बाजार, सगळीकडे फिरले. दुकानात प्रश्न एकच, "ताई, अर्ध्या किलोचा देऊ की एक किलोचा?" मी सांगायचे, सहा इंच व्यास, तीन इंच उंची, बाजू सरळ हव्यात. तरी पुढ्यात यायचा तोच दोन इंची डबा, वर पसरट आणि खाली निमुळता. किलो हे क्रीमसकट तयार केकचं वजन असतं. त्यावरून डबा किती खोल आहे हे कसं कळणार? एका दुकानात तर मला सांगितलं, "डबा हाच न्या, बेकिंग पावडर दुप्पट टाका." या सल्ल्याचा मला अजून राग येतो, कारण नवीन शिकणारी मुलगी तो ऐकेल आणि तिचा केक बसेल. कपभर मैद्याला एक ते सव्वा छोटा चमचा पावडर पुरते. त्याहून फार जास्त घातली की बुडबुडे मोठे होऊन फुटतात, केक फुगून मध्येच खचतो आणि चवही कडवट लागते. नाशिक उंचावर आहे म्हणून केक नीट होत नाही, असंही ऐकून घेतलं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. कृतीत बदल करायची वेळ ९०० मीटरच्या आसपास आणि त्यापुढे येते.

शेवटी घरी आहेत ते डबे पाण्याने भरून मोजले. सहा इंच रुंद, दोन इंच खोल डब्यात जेमतेम ९०० मिली पाणी मावतं, तीन इंची असेल तर साडेतेराशेच्या आसपास. मिश्रण डब्याच्या साठ-पासष्ट टक्के हवं. त्याहून कमी घातलं तर पावडर कितीही ताजी असो, थर बुटकाच राहणार. आठ इंची डब्यातलं मिश्रण सहा इंचीत ओतलं तर उंची जवळपास पावणेदोन पट होते.

खोल डबा मिळेपर्यंत मी बटर पेपरची दुहेरी पट्टी डब्याच्या आतून उभी लावली, काठाच्या वर दोन इंच येईल अशी. मिश्रण मात्र डब्याच्या काठाच्या खालीच ठेवलं. थर सरळ वर चढला. तो दिवस मी विसरणार नाही. पुढे कॉलेज रोडकडे बेकिंगच्या सामानाच्या एका दुकानात तीन इंची डबा मिळाला. तुम्ही जाल तेव्हा पर्समध्ये मोजपट्टी ठेवा आणि डबा स्वतः मोजा.

डब्याच्या बाजूंना तूप-बटर लावू नका, फक्त तळाला कागद घाला. मिश्रणाला वर चढायला कोरडी बाजू लागते. कडा आधी शिजून घट्ट होतात म्हणून मध्ये घुमट येतो, आणि तो कापला की उंची गेलीच. त्यावर उपाय म्हणजे जुन्या टॉवेलची पट्टी भिजवून, पिळून डब्याभोवती बाहेरून गुंडाळायची. ती ओटीजीच्या (विजेच्या छोट्या ओव्हनच्या) रॉडला अजिबात टेकता कामा नये. जाळी सगळ्यात खाली लावा, १८० ऐवजी १६० अंश ठेवा आणि वेळ पंधरा-वीस मिनिटं वाढवून धरा. पहिला अर्धा तास दार उघडायचं नाही. केक शिजला का ते पाहायला टूथपिक इतक्या खोल जात नाही, विणायची बारीक सुई घ्या.

बेकिंग पावडर जुनी वाटली तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, लगेच फसफसली पाहिजे. थंडीत नाशकात बटर दगडासारखं होतं, ते दोन-तीन तास आधी बाहेर काढा, वितळवू नका. वितळलेल्या बटरमध्ये फेटून हवा धरत नाही. आणि बिनअंड्याचा दही-सोड्याचा केक असेल तर ओटीजी आधी तापवून ठेवा, कारण सोडा दह्यात पडताच गॅस सुटायला लागतो.