आमची वाटचाल : भारी जमिनीवरच्या भिंती

अकोल्यात घरदुरुस्तीचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. माझे वडील गवंडी होते. जुन्या शहरातल्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती लिंपणे, दगडी जोत्यांच्या दर्जा म्हणजे दगडांमधले सांधे भरणे, पडलेला कोपरा पुन्हा उभा करणे ही त्यांची कामे मी लहानपणापासून पाहत आलो. त्या भिंती मातीच्या गाऱ्यात किंवा चुन्यात बांधलेल्या असल्यामुळे खालची जमीन थोडीफार हलली तरी त्या सांभाळून घेत असत. माझ्या वाट्याला आलेली घरे मात्र वेगळी होती. 1980 नंतर शहराभोवतीच्या कपाशीच्या वावरांचे लेआउट पडले आणि बँकेतल्या, शाळेतल्या, कृषी विद्यापीठातल्या नोकरदारांनी कर्ज काढून तेथे बैठी घरे बांधली. नऊ इंची विटांची भिंत, सिमेंटची जोडाई, वर स्लॅब आणि खाली तीन-चार फुटांचा पाया अशी ही घरे आज वयस्कर झाली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या भिंतींना भेगा आहेत.

ही भेग का पडते हे मला समजायला बरीच वर्षे लागली, आणि आमची सगळी वाटचाल म्हणजे खरे तर ते समजून घेण्याचीच आहे.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला जमिनीचा स्वभाव ठाऊक असतो. भारी जमीन उन्हाळ्यात फाटते, तिच्या भेगांत बैलाचा पाय अडकतो, आणि मृगाचा पाऊस पडला की तीच जमीन फुगून भेगा मिटवते. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि पाणी आटले की पुन्हा जवळ येतात. ज्या वावरात हे दरवर्षी घडते त्याच वावरावर घर बांधले, तर घराखालची माती आपला स्वभाव सोडत नाही. शिवाय तीन-चार मजली इमारतीचे वजन मातीला काही प्रमाणात दाबून तरी ठेवते, पण बैठे घर हलके असते आणि फुगणारी माती त्याला सहज उचलते. म्हणूनच माझ्याकडे येणारी तक्रार मोठ्या इमारतींची क्वचित असते. ती असते दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ओसरी असलेल्या साध्या घरांची.

2002 सालच्या मे महिन्यात मी एका निवृत्त शिक्षकांच्या घराचे काम घेतले होते. पुढच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरपी भेग गेलेली होती आणि वरच्या टोकाला तिच्यात रुपयाचे नाणे सहज जात होते. मी ती भेग खोदून, ब्रशने साफ करून, एकास तीन प्रमाणाच्या कडक सिमेंट मसाल्याने घट्ट भरली, वर गिलावा केला आणि काम चोख झाले या समाधानात पैसे घेतले. सप्टेंबरमध्ये गुरुजींचा निरोप आला. जुन्या भेगेपासून वीतभर अंतरावर नवी भेग पडली होती, आणि ती सांध्यांतून न जाता थेट विटा फोडून गेली होती. खिडकीची चौकट पिचली होती. गुरुजी एवढेच म्हणाले, "पैशाचं जाऊ दे बाबू, पण आता खिडकीच लागत नाही."

उन्हाळ्यात घराचा कोपरा दोन्ही बाजूंनी सुकतो, त्यामुळे तो इतर भागापेक्षा जास्त खचतो आणि भेग वरच्या बाजूला रुंद होते. पावसाळ्यात तोच कोपरा वर उचलला जातो आणि भेग मिटू पाहते. मी तिच्यात विटेपेक्षाही कडक मसाला ठासून भरल्यामुळे तिला मिटायला जागाच उरली नव्हती. उचलला जाणारा कोपरा त्या मसाल्यावर रेटला गेला आणि शेवटी शेजारच्या विटा तुटल्या. ते काम मी पदरमोड करून पुन्हा केले, पण त्याआधी पूर्ण एक वर्ष काहीही न करता थांबलो. त्या वर्षी मी पहिल्यांदा भेगेवर काच चिकटवली.

ही पद्धत जुनी आणि साधी आहे. गिलावा खरवडून विटेपर्यंत जायचे, भेगेच्या दोन्ही काठांवर सिमेंटचा छोटा थापा द्यायचा, त्यावर बोटभर रुंदीची पातळ काचेची पट्टी बसवायची आणि शेजारी तारीख लिहायची. भिंत हलली की काच तडकते. शिवाय भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन खिळे ठोकून त्यांच्यातले अंतर दर महिन्याला व्हर्निअर कॅलिपरने मोजून वहीत लिहायचे. बारा महिन्यांची ही नोंद हातात आली की घर आपले दुखणे आपणच सांगते. भेग मेमध्ये उघडत आणि सप्टेंबरमध्ये मिटत असेल तर तो ऋतूंचा खेळ आहे. ती बाराही महिने एकाच दिशेने वाढत असेल तर मात्र कुठेतरी पाणी मुरते आहे, आणि आमच्या धंद्यात हा वाक्प्रचार अक्षरशः खरा असतो. न्हाणीचा फुटलेला पाइप, घराला चिकटून असलेला शोषखड्डा, पन्हाळ नसल्यामुळे जोत्याशीच पडणारे छताचे पाणी, किंवा भिंतीला लागून हौसेने लावलेली कर्दळ यांपैकी काहीतरी हमखास सापडते.

त्यामुळे आम्ही भिंतीच्या आधी पाण्याला हात घालतो. छताचे पाणी पाइपने कुंपणाबाहेर काढतो, गळके नळ आणि चेंबर बदलतो, आणि जोत्याभोवती सुमारे दीड मीटर रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करतो, म्हणजे पायाजवळची माती पावसाळ्यात फार भिजत नाही आणि उन्हाळ्यात फार सुकतही नाही. काही घरमालकांना हे पटत नाही. भेग आहे भिंतीला आणि हा माणूस अंगण खोदतो आहे, असे त्यांना वाटते, आणि काही जण दुसऱ्याकडून चार दिवसांत भेग बुजवून घेतात. त्यांचा मला राग येत नाही, कारण पाहुणे येणार असतात, घरात लग्न असते, आणि भेग असलेली भिंत डोळ्यांना खुपते. तरीही मे महिन्यात भेग भरून देण्याचे काम मी त्या प्रसंगानंतर एकदाही घेतलेले नाही.

झाडांच्या बाबतीतही आम्ही सावधपणे शिकत गेलो. घराजवळचे मोठे झाड उन्हाळ्यात मुळांनी मातीतले पाणी ओढून घेते आणि त्या बाजूची भिंत खचते हे खरे असले, तरी वीस-पंचवीस वर्षांचे झाड रीतसर परवानगी घेऊन एकदम तोडले तर उलटा प्रकार सुरू होतो. वर्षानुवर्षे सुकी राहिलेली माती हळूहळू पाणी धरते, फुगते आणि भिंतीला खालून वर ढकलते. हे तोडल्यानंतर लगेच दिसत नाही, दोन-तीन पावसाळ्यांनी दिसते. कडुनिंब तोडलेल्या एका घरी स्वयंपाकघराची फरशी मध्यभागी इतकी उचलली गेली की ओट्याखालचे कपाट उघडेना. त्यानंतर आम्ही झाड तोडण्यापेक्षा दरवर्षी छाटणी करण्याचा सल्ला देतो.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला बराचसा भाग खारपाणपट्ट्यात येतो आणि तेथल्या बोअरचे पाणी खारट असते. बांधताना याच पाण्यात मसाला कालवलेला असतो, याच पाण्याने भिंती भिजवलेल्या असतात, आणि मग जोत्यापासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरा लोणा फुलतो, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो, विटा भुसभुशीत होतात. भारतीय मानक 456 प्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, आणि म्हणून आम्ही दर साइटवरचे पाणी तपासून घेतो. तपासणीत बसले नाही तर टँकर मागवतो आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच दाखवतो.

लोणा लागून खंगलेले विटांचे थर बदलणे हे आमच्याकडचे सर्वांत नाजूक काम आहे. वर स्लॅबचे वजन असताना खालच्या चार-पाच थरांच्या विटा काढायच्या असतात. म्हणून आधी टेकू लावायचे, भिंतीचे सुमारे एकेक मीटरचे तुकडे पाडायचे, पहिला तुकडा बदलल्यावर शेजारच्या तुकड्याला हात न लावता एक सोडून पुढचा घ्यायचा, आणि नव्या जोडाईला पुरेसे दिवस पाणी मिळाल्यावरच मधले तुकडे उघडायचे. ओलरोधक थरही याच वेळी घालून घेतो. मसाला आम्ही मुद्दाम हलका ठेवतो. सिमेंट एक, चुना एक, रेती सहा. मसाला विटेपेक्षा कमकुवत असला म्हणजे पुढे भिंत हललीच तर सांधा चिरतो, वीट वाचते, आणि सांधा पुन्हा भरता येतो. वडील चुन्याबद्दल जे बोलत असत ते मला या कामात पटले. भेग शांत झाल्याची वहीवरून खात्री पटली की तिच्या दोन्ही बाजूंचे आडवे सांधे खोदून त्यांत सळ्या बसवून भिंत शिवतो, तीही पावसाळा सरल्यावर, जमीन ना फार ओली ना फार कोरडी असताना.

काही भिंती मात्र वाचवण्यासारख्या नसतात आणि ते मालकाला स्पष्ट सांगावे लागते. अशा ठिकाणी जुनीच चूक नव्या विटांत पुन्हा करण्यात अर्थ नसतो. आम्ही माती तपासतो. 425 मायक्रॉन चाळणीतून चाळलेल्या कोरड्या मातीचे प्रत्येकी दहा ग्रॅमचे दोन नमुने घेऊन एक पाण्याने भरलेल्या आणि एक रॉकेलने भरलेल्या मोजपात्रात टाकतो. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते, आणि चोवीस तासांनी दोन्हींतला फरक डोळ्यांनी दिसतो. घरमालकाला पन्नास वाक्यांत जे समजत नाही ते या दोन काचपात्रांकडे पाहून क्षणात समजते, म्हणून ती मी त्यांच्याच ओसरीवर ठेवतो. फुगवटा 50 टक्क्यांच्या वर गेला तर साधा पाया नाही. माती उथळ असेल तर ती काढून मुरूम थराथराने ठोकून भरतो. पण शहराच्या उत्तरेला, पूर्णेकडे, माती इतकी खोल आहे की "मुरूम लागेपर्यंत खोदा" हा सल्ला तेथे उपयोगाचा नाही. तेथे रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखा फुगार असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घालतो. साडेतीन मीटरच्या खाली ऋतूंप्रमाणे ओलावा फारसा बदलत नाही, म्हणून तेवढी खोली आणि दांड्याच्या अडीचपट व्यासाचा फुगार धरतो. वरची तुळई जमिनीपासून किमान 80 मिलिमीटर वर ठेवायची असते, म्हणजे माती फुगली तरी तुळईला टेकत नाही. काँक्रीट ओतताना खाली भरलेली रेती काढायला गवंडी विसरतो आणि सगळा खर्च वाया जातो, म्हणून ती पोकळी मी स्वतः आडवा होऊन, बॅटरी मारून पाहिल्याशिवाय भरणीला परवानगी देत नाही.

नोटाबंदी, जीएसटी आणि टाळेबंदी या काळात इतरांप्रमाणे आम्हीही ओढाताण सोसली. आमच्या कामाला खरे वळण दिले ते हवामानाने. 2018 च्या दुष्काळात जमीन नेहमीपेक्षा खोलवर सुकली आणि ज्या घरांना तीस वर्षांत भेग गेली नव्हती त्यांनाही गेली; 2021 च्या जुलैत मोर्णेला पूर आला आणि नदीकाठच्या वस्त्यांत जोत्यापर्यंत पाणी शिरले. त्या दोन वर्षांच्या नोंदी आमच्या वह्यांत आहेत आणि आजही अंदाज बांधताना मी त्या उघडतो.

आज आमच्याकडे नऊ माणसे आहेत. सर्वांत जुने मिस्त्री वडिलांच्या हाताखाली शिकलेले आहेत आणि भिंतीवर थापी वाजवून आतला पोकळ गिलावा ओळखतात. माझ्या मुलीने स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली असून नोंदींचे काम आता ती पाहते. गेल्या अक्षय तृतीयेनंतर आम्ही अकरा घरांच्या भेगांवर काचा बसवल्या. त्यांपैकी एक घर गुरुजींचे आहे. ते आता नाहीत, पण त्यांच्या मुलाने मागच्या बाजूला खोली वाढवली आहे आणि जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यात केसाएवढी रेघ दिसते. पोळ्यानंतर तिचे दुसरे मोजमाप घ्यायचे आहे.