खिळ्यांच्या केसा आणि आमचं स्काउट पथक

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हाच मी सांगून टाकलं की गॅदरिंग, सहली, गणिताचे सर यावर बाकीचे लिहितीलच, मी मात्र स्काउट पथकात आम्ही छपाई शिकलो त्यावरच लिहिणार. माझं पुढचं सगळं त्यातूनच ठरलं, आणि आपल्या शाळेत हे घडलं होतं हे आता फार जणांना माहीतही नाही.

साल १९८१-८२, आम्ही आठवीत. स्काउट म्हटलं की खाकी ड्रेस, गळ्यात स्कार्फ, रीफ नॉट, क्लोव्ह हिच या गाठी, बी. पी.चे म्हणजे स्काउटचे जनक बेडन पॉवेल यांचे सहा व्यायाम आणि कॅम्पमधली अर्धी कच्ची खिचडी, एवढंच लोकांना आठवतं. ते सगळं आमच्याकडेही होतंच. पण आमच्या स्काउटच्या सरांचं म्हणणं असं की मुलाच्या हाताला एक तरी कसब लागलं पाहिजे, आणि तेही खऱ्या कामाच्या जागी जाऊन, वर्गात फळ्यावर नाही. त्या वर्षीच्या 'खरी कमाई'साठी बाकीची पथकं बूटपॉलिश आणि शेतातली कामं करत होती, आणि सरांनी काय केलं तर पेठेतल्या छापखान्याच्या मालकांशी बोलून आमच्या संघाला, म्हणजे पथकातल्या आमच्या तुकडीला, शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिकडे पाठवायचं ठरवलं. आम्ही पावतीपुस्तकं मोजायची, कागद घडी घालायचे, शिलाई करायची, त्याचे जे पैसे मिळतील ते कॅम्पच्या फंडात, आणि त्या बदल्यात छापखान्यातले जुळारी काका आम्हाला खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायला शिकवणार.

रॉकेल, शाई आणि ओला कागद यांचा मिळून जो वास यायचा तो दारातच नाकात बसायचा. पहिल्या दिवशी काकांनी नियम सांगितले आणि ते कुणीही मोडायचे नाहीत म्हणजे नाहीत. छपाईचं ट्रेडल मशीन आणि कागद कापायचं कटिंग मशीन यांच्या जवळ उभं राहून फक्त बघायचं, हात लावायचा नाही. खिळ्यात शिसं असतं म्हणून काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आणि खाली पडलेला खिळा लगेच उचलायचा, त्याच्यावर पाय पडला की अक्षराचं नाक तुटतं.

खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा ओतीव तुकडा. नुसतं शिसं मऊ, दाबाखाली चेपतं, अँटिमनीमुळे कडकपणा येतो आणि कथिलामुळे रस साच्यात नीट वाहतो. हे काकांनी सांगितलं आणि सोमवारी आमच्या विज्ञानाच्या बाईंनी त्यावरच मिश्रधातूचा धडा घेतला. मला आजवर कुठला धडा एवढा पक्का बसलेला नाही.

आणि केसा, म्हणजे खिळे ठेवायचे खानेदार ट्रे! इंग्रजी जुळवायचं तर दोन केसांत भागतं, मराठीला समोर, डावीकडे, उजवीकडे अशा चार केसा मांडून बसावं लागायचं, कारण नुसती मुळाक्षरं नाहीत ना, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, काना, वेलांट्या, उकार, सगळ्यांना वेगवेगळे खाने, शेकड्यांनी. खान्यांवर काहीही लिहिलेलं नसायचं. काका न बघता हात घालायचे आणि बरोबर तेच अक्षर यायचं, बोलता बोलता, विडी पेटवता पेटवता सुद्धा. जास्त लागणारी अक्षरं हाताशी, कमी लागणारी लांब, 'ळ' कुठे आणि 'ज्ञ' कुठे यामागे पिढ्यान्पिढ्यांचा हिशोब होता. मराठीत कुठलं अक्षर किती वेळा येतं हे मला व्याकरणाच्या पुस्तकाआधी त्या केसांनी सांगितलं.

स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या छोट्या चौकटीत, खिळे लावताना ओळ डावीकडून उजवीकडेच जाते पण अक्षर उलटं असतं, म्हणजे शिरोरेषा खाली आणि अक्षरं तिच्यावर उभी. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते, ती सगळ्या खिळ्यांची एका रांगेत आली की समजायचं कुठला उलटा लागलेला नाही. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतला फरक आरशातल्यासारखा उलटा बघितला की खरा कळतो. ओळ भरली की शब्दांमधल्या स्पेस कमीजास्त करून ती घट्ट बसवायची, दोन ओळींत लेड म्हणजे पातळ धातूची पट्टी घालायची, मग मजकूर गॅलीवर म्हणजे लांबट ट्रेवर, दोऱ्याने बांधायचा, रोलरने शाई फिरवून प्रूफ म्हणजे तपासायची प्रत काढायची, दुरुस्त्या करायच्या, मग चेसमध्ये म्हणजे लोखंडी चौकटीत फर्निचरचे ठोकळे आणि कॉइनच्या पाचरी मारून आवळायचं आणि मशीनवर. छापून झालं की रॉकेलने धुवून प्रत्येक खिळा परत आपापल्या खान्यात टाकायचा. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, पण केसा पाठ होतात त्या यानेच, म्हणून काकांनी आम्हाला आधी अक्षरं सोडायला लावली आणि मग जुळवायला.

लगीनसराईत तर बसायला जागा नसायची. लग्नपत्रिकेचा मजकूर बांधूनच ठेवलेला, वर गणपतीचा ब्लॉक, फक्त चि. आणि चि. सौ. कां. पुढची नावं, तिथी, मुहूर्त आणि लग्नस्थळ बदलायचं. जत्रेच्या आणि तमाशाच्या जाहिरातींना लाकडी टाइप लागायचा, एकेक अक्षर वीतभर, आणि तो एवढा हलका की हातात घेतल्यावर आश्चर्य वाटायचं.

काकांचं शिक्षण सातवीपर्यंत असेल. पण शुद्धलेखनात गावात त्यांच्याइतका पक्का माणूस नव्हता, हे मी आज जबाबदारीने लिहितोय. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले आणि 'नांव', 'पांच', 'कांहीं' यावरचे उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. आपल्याला तो व्याकरणातला मुद्दा वाटतो, काका म्हणायचे माझ्या हाताचे दिवसाला किती हेलपाटे वाचले ते मला विचार. कुणाचाही मजकूर येवो, शिकलेल्या माणसाचा असो की पुढाऱ्याचा, ऱ्हस्वदीर्घ ते निमूट दुरुस्त करून जुळवायचे आणि कुणाला सांगायचे पण नाहीत. छापून आल्यावर लोक म्हणायचे वा, काय शुद्ध लिहिलंय! जुळाऱ्याचं नाव पत्रिकेवर नसतं, पुस्तकावर नसतं, तळाला फक्त मुद्रणालयाचं नाव असतं. मला हे तेव्हाही खुपायचं आणि आजही खुपतं.

सर मात्र फक्त खिळ्यांवर थांबणारे नव्हते. एकदा त्यांनी मेफकिंगची गोष्ट सांगितली. बेडन पॉवेल दक्षिण आफ्रिकेत मेफकिंग गावात १८९९-१९०० मध्ये वेढ्यात अडकले होते ते प्रत्येक स्काउटला माहीत असतं, पण वेढा चालू असताना गावात टपालाची तिकिटं कमी पडली तेव्हा ती तिथेच ब्ल्यूप्रिंटच्या पद्धतीने छापली, त्यातल्या एका तिकिटावर सायकलवरून निरोप पोचवणाऱ्या मुलांच्या तुकडीतला गुडइयर नावाचा मुलगा आहे, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. मुलाचं चित्र तिकिटावर, आणि ते पण सायकलसकट! मग काय, आम्ही सगळे मागेच लागलो. प्रयोगशाळेतून फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड मिळालं, खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला, दोन्ही द्रावणं एकत्र करून ब्रशने कागदावर फिरवली, वाळल्यावर त्यावर पिंपळाचं पान, वर काच, आणि थेट मैदानात उन्हात. थोड्या वेळाने पाण्यात धुतलं की जिथे ऊन लागलं तिथे गडद निळं आणि पानाखालचं सगळं वाहून पांढरं, पानाची शीर न् शीर दिसते. ही युक्ती जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधली, पण आमच्यासाठी ती त्या दुपारीच शोधली गेली होती.

तसंच संघाचं निशाण. लाकडी चौकटीवर ऑर्गंडीचं तलम कापड ताणून बसवलं, खाली कागदाचं स्टेन्सिल, वरून शाई, आणि रबरी पट्टीने एकाच दमात ओढायची. स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात ते हेच. ऑफिसात शिपाईमामा परीक्षेचे पेपर सायक्लोस्टाइल करायचे ते पण स्टेन्सिलच, फक्त मेणकागदाचं, हे त्या दिवशी डोक्यात एकदम जुळलं.

सायकलवरून सातारा जिल्ह्यातल्या औंधला गेलो ती सहल तर विसरणं शक्य नाही. यमाईच्या डोंगरावरच्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. आपल्याकडे घराघरात लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी असायच्या त्या त्याच्याच चित्रांच्या छापील प्रती, हे सरांनी तिथे चित्रासमोर उभं करून सांगितलं. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचा छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, तेलकट जागा शाई धरते आणि ओली जागा झटकते, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड, सगळे रंग एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. घरी गेल्यावर तसबीर भिंगातून बघा, रंगाचे ठिपके दिसतील, असं सर म्हणाले. त्या रात्री आजी ओरडत होती आणि मी देव्हाऱ्यावरची लक्ष्मी खाली काढून भिंग लावून बसलो होतो. दिसले ठिपके!

हा दगडाचा छापा आपल्या मराठीला काही नवा नव्हता. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग छापलं, आणि शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीला शिवायचे नाहीत तर त्यांनी तुपाची शाई केली असं मुद्रणाच्या इतिहासात सांगतात. काकांच्या टेबलावर गणपतीशेजारी जावजी दादाजींचा फोटो होता, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढणारे ते जावजी. निर्णयसागरच्या टाइपाचं वळण काका बोटाने हवेत काढून दाखवायचे.

घडी घालायचं कामही फुकट गेलं नाही. एक मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा फर्मा होतो, पण कागद सपाट असताना पानं भलत्याच क्रमाने असतात, १ च्या शेजारी १६, ४ च्या शेजारी १३. काकांनी गुपित सांगितलं, शेजारच्या जोडीची बेरीज कायम १७ आली पाहिजे. शिलाई, सरस, पुठ्ठा, कापडाची पट्टी हे सगळं तिथेच झाल्यामुळे बुकबाइंडरचा बॅज आमच्यातल्या बऱ्याच जणांना मिळाला.

दहावीनंतर घरच्यांचा विरोध असतानाही मी पुण्याला मुद्रणाचा डिप्लोमा केला आणि ऑफसेट छपाईत आलो. तिथे पहिल्याच तासाला तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत हे तत्त्व फळ्यावर आलं आणि मला औंधचा डोंगर आठवला, वर्गात ते आधीपासून माहीत असलेला मी एकटाच होतो. पुढे डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी आली, श्रीलिपी हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर आलं, आणि नव्वदीत गावोगावच्या केसा किलोच्या भावाने भंगारात गेल्या. शिसं वितळवून कुणी कशाला वापरलं देव जाणे. मी कॉम्प्युटरच्या विरोधात अजिबात नाही, माझं पोट त्यावरच चाललंय, पण ज्या अक्षरांतून दोन-तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका, पावत्या, हस्तपत्रकं छापली गेली ती अशी जावीत याचं मनापासून वाईट वाटतं.

काकांचा छापखाना बंद झाला तेव्हा मी चारही केसा, दोन स्टिक, एक गॅली आणि हाताने चालवायचं छोटं प्रूफ प्रेस विकत घेऊन ठेवलं. टाइप थोडा झिजलाय पण पूर्ण आहे, 'ळ' सुद्धा भरपूर आहेत. हे सगळं शाळेला द्यायची माझी तयारी आहे, एकच अट, काचेच्या कपाटात ठेवायचं नाही, स्काउट-गाईडच्या मुलामुलींनी ते वापरायचं. जुन्या हस्तकलेच्या खोलीत उजेड चांगला येतो, तिथे मांडता येईल, बाहेर नळ पण आहे म्हणजे हात धुवायची सोय झाली. पथकाच्या आत्ताच्या सरांनी आणि बाईंनी फक्त दिवस कळवावा, शनिवार असेल तर उत्तम, टेम्पोची व्यवस्था मी करतो आणि पहिले काही महिने शिकवायला मी स्वतः येईन.