वर्षाकाठी एखादी सुटी आणि विमान कंपनीचं कार्ड

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला की आमच्या घरी डोंगरांची चर्चा सुरू होते. डेहराडून, श्रीनगर, कधी दार्जिलिंग. मी, हे आणि दोन मुलं. विमानात बसायचं ते असं सुटीसाठीच. मुंबई-पुण्याची कामं आम्ही रेल्वेनेच करतो. विदर्भ एक्स्प्रेसने संध्याकाळी निघालं की सकाळी मुंबई येते. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली आहे, आणि त्याच वर्षी समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. त्यामुळे आमच्यासारख्यांची विमानाची गरज आणखीच कमी झाली.

अशा घरात विमान कंपनीच्या नावाचं क्रेडिट कार्ड घ्यावं का, हा प्रश्न माझ्या भाच्याने आणला. तो बँकेत आहे आणि मुलगा मनाने अतिशय चांगला आहे. म्हणाला, "मावशी, वर्षाचे पंधराशे म्हणजे काय हो, एक तिकीट तर फुकट भेटून राहिलं न!" त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. स्वागतभेट म्हणून तिकिटाचं व्हाउचर देणारी कार्डं खरोखरच असतात. पण मी कॉलेजात अकाउंट्स शिकवते, आणि 'फुकट' शब्द दिसला की त्याची दुसरी बाजू कुठल्या खात्यात टाकली आहे हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मग एका रविवारी गेल्या वर्षाची सगळी स्टेटमेंट जेवणाच्या टेबलावर पसरली.

पहिल्यांदा फी घ्या. १,४९९ रुपये छापलेले असतात, पण त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे खिशातून जातात १,७६९. दुसऱ्या वर्षीही तेवढेच, कारण 'अमुक इतका खर्च केला तर फी माफ' ही सोय विमान कंपनीच्या बऱ्याच कार्डांत नसते किंवा तिची मर्यादा आमच्यासारख्या घराच्या आवाक्याबाहेर असते.

मग मिळकत, म्हणजे कार्डावरच्या खर्चावर जमणारे पॉइंट, ज्यांवर पुढे त्या कंपनीचं तिकीट घेता येतं. इथे मी महत्त्वाच्या अटींचं ते बारीक अक्षरांतलं पान पेन्सिल घेऊन वाचलं, आणि प्रत्येकाने एकदा तरी ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. ज्या खर्चांवर पॉइंट मिळत नाहीत त्यांची यादी तिथे असते: पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, रोख उचल, ईएमआयवर वळवलेली खरेदी. कार्डागणिक फरक पडतो, पण विम्याचे हप्ते, शाळा-कॉलेजची फी, वीजबिल यांनाही पुष्कळ ठिकाणी कात्री लागलेली असते. आमचे कार्डावरचे मोठे आकडे नेमके हेच. मुलीच्या क्लासची फी, गाडीचा विमा, पेट्रोल. रोजचा भाजीपाला गोकुळपेठच्या बाजारातून यूपीआयवर, ते कार्डावर येतच नाही. वर्षाचा कार्डखर्च तीन लाखांच्या घरात दिसत होता. काट मारत गेल्यावर पॉइंट मिळतील असा खर्च एक लाख ऐंशी हजारांवर आला.

शंभर रुपयांना दोन पॉइंट धरले तर झाले ३,६०० पॉइंट. एका पॉइंटची किंमत किती, हे जाहिरात सांगत नाही, ते आपण काढायचं. रीत सोपी आहे. ज्या दिवशी, ज्या विमानाने आपण खरोखर जाणार त्याच तिकिटाचा रोख भाव बघायचा. पॉइंटवर तेच तिकीट घेतलं तरी कर आणि विमानतळाची फी रोखीनेच भरावी लागते, ती रक्कम भावातून वजा करायची. उरलेल्याला लागणाऱ्या पॉइंटांनी भागायचं. समजा तिकीट ५,४०० चं आहे, पॉइंटवर घेताना १,२०० रोख आणि ६,००० पॉइंट लागतात. उरले ४,२००, म्हणजे पॉइंटमागे ७० पैसे. या हिशेबाने माझे वर्षाचे ३,६०० पॉइंट झाले २,५२० रुपयांचे. फी गेली की ७५१ उरतात, तेही विमानाच्या तिकिटातच वापरता येणारे.

याच खर्चावर बिनफीचं, एक टक्का कॅशबॅक देणारं साधं कार्ड १,८०० रुपये देतं. ते बिलातून थेट वजा होतात आणि त्या पैशांत किराणाही येतो.

भाच्याने हा कागद पाहिला आणि बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. म्हणाला, स्वागताचं तिकीट धरलंच नाही. मग आम्ही दोघांनी मिळून ते धरलं, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच कळली. व्हाउचर एकाचं असतं. आम्ही चौघं. एक तिकीट त्या कंपनीचं फुकट घ्यायचं म्हटलं की उरलेली तीनही त्याच कंपनीची, त्याच विमानाची घ्यावी लागतात. आठवीतल्या मुलाला कुणी वेगळ्या विमानाने पाठवत नाही. त्या दिवशी दुसऱ्या कंपनीचं तिकीट ९०० रुपयांनी स्वस्त असेल तर तिघांचे २,७०० जास्त गेले. व्हाउचरवरही कर बहुधा आपणच भरायचा असतो. शिवाय सुट्यांच्या दिवसांत काही तारखा व्हाउचरला बंद असतात का, हे अटींत पाहायला हवं, कारण मास्तरीण बाईला आणि शाळेतल्या मुलांना सुटी मिळते ती फक्त त्याच दिवसांत. पॉइंटचंही तसंच. जिथे पॉइंटवर ठरावीकच जागा सोडतात तिथे मेच्या पहिल्या आठवड्यात चौघांना एकत्र जागा मिळणं कठीण, आणि जिथे भावाप्रमाणे पॉइंट लागतात तिथे हंगामात पॉइंटही त्याच पटीत जास्त लागतात.

एकट्या फिरणाऱ्या, तारखेला न बांधलेल्या माणसासाठी हे गणित वेगळं येईल. कार्डाची जाहिरात त्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते, कुटुंबाला नाही.

नागपूरच्या बाबतीत एक मुद्दा भाच्याने मांडला तो मला खरंच विचार करण्याजोगा वाटला. इथल्या सोनेगाव विमानतळाहून बहुतेक विमानं इंडिगोची. मग कंपनी निवडायचा प्रश्नच कुठे येतो, इंडिगोचं कार्ड घेऊन टाकायचं. हे अर्धं बरोबर आहे. थेट मार्गांवर निवड थोडी. पण आमच्या सुटीचा मार्ग दिल्लीहून पुढे जातो, आणि दिल्लीपासून पुढे कंपन्या पुष्कळ. कधी आम्ही दिल्लीपर्यंत रेल्वेने जातो आणि तिथून विमान धरतो. आणि मुख्य म्हणजे कंपनीच्या पॉइंट योजनेचं सदस्यत्व फुकट असतं. इंडिगोची ब्लूचिप असो की एअर इंडियाचा महाराजा क्लब, वेबसाइटवर नाव नोंदवलं की झालं. तिकीट काढताना सदस्य क्रमांक घातला की प्रवासाचे पॉइंट जमतात, कार्ड असो वा नसो. कार्ड त्यावर किराण्या-कपड्यांच्या खरेदीचे पॉइंट घालतं, एवढंच. आम्ही चौघांचीही नावं नोंदवून टाकली. क्वचित प्रवास करणाऱ्याने एवढं तरी करावंच.

दुसरी काळजी कंपनी टिकण्याची. मी विमान प्रवासाची आवड धरल्यापासून किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. विस्तारा तर चांगली चालत असताना १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. तिथले पॉइंट बुडाले नाहीत, महाराजा क्लबात गेले. पण विस्ताराच्या नावाची कार्डं ज्यांनी विस्तारासाठी घेतली होती त्यांना नव्या योजनेचे नवे दर बघावे लागले. रोज प्रवास करणारा माणूस पॉइंट जमले की खर्चून मोकळा होतो. आमच्यासारख्यांचे एका तिकिटापुरते पॉइंट जमायलाच दोन वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात दर बदलू शकतात, मुदतही संपू शकते. पॉइंट म्हणजे पाऊस बघून विकायच्या धान्यासारखे नाहीत की साठवले तर भाव येईल. ते साठवले की बहुधा उतरतातच.

या कार्डांवर मिळणाऱ्या लाउंजबद्दल, म्हणजे विमानतळावरच्या खाण्या-बसण्याच्या खास खोलीबद्दल, थोडक्यात. नागपूरचं विमानतळ वर्धा रोडवर, शहराला लागून. मेट्रोचं स्टेशन आहे. प्रतापनगरहून निघालं की आम्ही वेळेवर पोहोचतो आणि वेळेवर विमानात बसतो. दोन तास बसून राहावं अशी वेळ इथे येत नाही. दिल्लीत येते. पण लाउंजचा मोफत प्रवेश कार्डधारकाला, बाकीच्या तिघांचे पैसे. शिवाय आता अनेक बँका आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच प्रवेश देतात.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की ही कार्डंच वाईट. मला तसं मुळीच म्हणायचं नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी बंगळुरूला नोकरी करते. काकू दर दोन-तीन महिन्यांनी एकट्या जातात, थेट विमानाने, तारीख पुढेमागे चालते. त्यांना मी स्वतःच कार्ड घ्या म्हटलं आणि फॉर्म भरायलाही बसले. त्यांच्या खर्चाचा मोठा भाग तिकिटांचाच आहे, आणि विमान कंपनीच्या तिकिटांवर या कार्डांत पॉइंट जास्त मिळतात. त्यांचं गणित फी भरूनही फायद्यात येतं. ऑफिसच्या कामासाठी महिन्याला मुंबई करणाऱ्यांचंही येईल.

फक्त एक अट दोघांनाही सारखीच लागू: बिल दर महिन्याला पूर्ण भरलं पाहिजे. किमान रक्कम भरून पुढे ढकललं तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. चाळीस हजार थकले तर एका महिन्याचे १,४०० आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १,६५२. वर्षभराच्या पॉइंटांतून जे हाती राहिलं असतं त्याच्या दुप्पट एका महिन्यात गेलं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे नुकतेच नोकरीला लागलेत त्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण मॉलमधल्या स्टॉलवर कार्ड देताना हे कुणी सांगत नाही.

आम्ही कार्ड घेतलं नाही. साधं कॅशबॅकचं आहे तेच ठेवलं, आणि तिकीट काढायच्या दिवशी बुकिंगच्या साइटवर कुठल्या बँकेच्या कार्डाला थेट सूट आहे ते आधी बघतो. वर्षाकाठी वाचलेले १,७६९ वेगळे ठेवायचे ठरवलं आहे. श्रीनगरच्या प्रवासात मुलांच्या सामानाचं वजन जास्त झालं तर तिथे ते कामाला येतील, कारण देशांतर्गत साध्या तिकिटावर १५ किलोच चेक-इन मिळतं आणि परतताना अक्रोड असतातच.

ज्यांच्याकडे असं कार्ड आधीच आहे आणि वापर होत नाही, त्यांनी फीची तारीख स्टेटमेंटमध्ये शोधून तिच्या महिनाभर आधी निर्णय घ्यावा. जमलेले पॉइंट आधी वापरून टाका, थकबाकी शून्य करा, मग बंद करण्याचा अर्ज लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे थकबाकी नसेल तर बँकेला सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, आणि उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. अर्जाची पोच आणि तारीख जपून ठेवा. आणि कार्ड दिल्यापासून तीस दिवस उलटले तरी तुम्ही ते सुरूच केलं नसेल, तर सुरू करण्यासाठी बँकेला ओटीपीने तुमची संमती घ्यावी लागते. घाईने तो आकडा फोनवर कुणालाही सांगू नका, समोरचा कितीही गोड बोलत असला तरी.