जुन्या गाडीची धुराची टेस्ट : माझा अनुभव

आमची गाडी पेट्रोलची, बरीच जुनी, पण काळा धूर अजिबात नाही, म्हणून टेस्टला निवांत गेलो तर सरळ फेल. कार्बन मोनॉक्साइड लिमिटच्या खूप वर आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, पण जास्त. हा मोनॉक्साइड डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. सिग्नलला मागे बाईकवर लहान पोरं असतात, त्यांच्या तोंडावर आपण हे सोडतोय हे कळल्यावर खरंच कसंतरी झालं.

एक मेकॅनिक म्हणाला, टेस्टपुरतं पेट्रोल कमी करून देतो, पास झाली की परत होतं तसं. मी नको म्हटलं. कागद मिळाला असता, पण हवेत काय जातंय त्यात काय फरक पडणार होता? शिवाय मिक्श्चर जास्त लीन केलं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, तर नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुराच्या पाइपमधला धूर साफ करणारा डबा) हे तिन्ही गॅस नीट साफ करतो तो हवा-पेट्रोल साधारण १४.७ ला १ असेल तेव्हाच.

मग दुसऱ्या मेकॅनिकने प्लग काढून दाखवले, काळी काजळी, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर बदलला, फारसा फरक नाही. खरा दोष निघाला धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा, तो म्हातारा झाल्यामुळे चुकीचं सांगत होता आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवत होता. कन्व्हर्टर पण गेलेलाच होता, पण आधी सेन्सर आणि प्लग करून घेतले ते बरं झालं, नाहीतर न जळलेलं पेट्रोल नव्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळू शकतो. मग कन्व्हर्टर पण बदलला. खर्च झाला, नाही असं नाही, त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे महाग धातू असतात.

टेस्टला जाताना गाडी चांगली फिरवून गरम करून नेली, कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० डिग्रीच्या पुढेच काम सुरू करतो. थंड गाडी नेऊन उगाच फेल होऊ नका. दोन्ही आकडे लिमिटच्या बरेच खाली आले, फार बरं वाटलं.

आता सकाळी स्टार्ट करताना कधीकधी निळसर धूर येतो त्याच्या मागे लागलोय. ऑइल जळत असणार, बहुतेक व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हजवळून ऑइल आत गळू न देणारं रबर) गेलं असेल. ते पण लवकरच करून घेणार, कारण ऑइलमधला फॉस्फरस कन्व्हर्टरवर बसत गेला तर नवीन पण निकामी होईल.