पोर्टलंडची फ्रेश हॉप बिअर आणि ताईचा व्हेज बर्गर

सप्टेंबरात अमेरिकेच्या वेस्ट कोस्टला जाणार असाल तर ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडसाठी दोन दिवस काढाच, आणि गेलात की फ्रेश हॉप बिअर (न सुकवलेल्या ओल्या हॉप्सची, हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची बोंडं) प्यायल्याशिवाय परत येऊ नका. अगदी मनापासून सांगतोय, कारण ही बिअर वर्षातून थोडेच आठवडे मिळते आणि ताजी असतानाच प्यायची असते, बॅगेत घालून पुण्याला आणायची ती गोष्टच नाही.

आमची ताई आणि दाजी पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोला राहतात, दाजी तिकडे चिपच्या कंपनीत आहेत. शनिवारी दुपारी दाजी म्हणाले चल आज गाडी घरीच ठेवू, म्हणजे कोणालाच ड्रायव्हिंगचं टेन्शन नको, मग मॅक्स ट्रेनची ब्लू लाइन पकडून डाउनटाउन, पॉवेल्समधे पुस्तकं बघण्यात दोन तास कसे गेले कळलंच नाही (अख्खा ब्लॉक व्यापलेलं पुस्तकांचं दुकान आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन) आणि तिथून चालत पर्ल डिस्ट्रिक्टमधला डेशूट्सचा पब. डेशूट्स मूळची बेंड गावची ब्रुअरी, 1988 सालची, पोर्टलंडमधे पब काढला तो 2008 ला. गर्दी भरपूर होती पण काउंटरला तीन स्टुलं मिळाली.

काउंटरवर एका वाडग्यात हिरवीगार हॉप्सची बोंडं ठेवली होती. मी हॉप्स आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. बारटेंडर मुलगी म्हणाली एक घे आणि चोळून बघ. चोळलं तर पाकळ्यांच्या आतून पिवळी पावडर निघाली, बोटं चिकट झाली आणि असा वास सुटला ना, संत्र्याची साल, ओलं गवत, थोडा पाइनच्या झाडाचा. बिअरचा कडवटपणा आणि वास येतो तो या पिवळ्या पावडरीतूनच. एरवी हॉप्स तोडले की भट्टीत सुकवतात, दाबून गोळ्या करतात आणि मग ते वर्षभर जगभर जातात. पण फ्रेश हॉप बिअरसाठी शेतातून तोडलेले ओले हॉप्स साधारण 24 तासांच्या आत ब्रुअरीत पोचवून थेट वापरतात. त्यात पाणीच जास्त असल्यामुळे सुक्याच्या कितीतरी पट लागतात, म्हणजे शेत जवळ नसेल तर हा उद्योग अवघडच. हे म्हणजे आपल्या हुरड्यासारखं आहे, ज्वारी वर्षभर मिळते पण हुरडा खायचा तर त्या दिवसात शेतावरच जायला हवं.

आणि पोर्टलंडला शेत जवळच आहे. शहराच्या दक्षिणेला विलॅमेट खोरं, तिथे हॉप्स पिकतात. ज्या कॅस्केड हॉप्सने अमेरिकन पेल एलला (फिक्या रंगाची, हॉप्सच्या वासाची बिअर) तिची ओळख दिली तो वाणसुद्धा तिथल्याच कॉर्व्हॅलिसला तयार झाला, 1972 मधे बाजारात आला. त्यात पाणी बुल रन नदीचं, अगदी मऊ. आणि 1985 ला ओरेगॉनने कायदा बदलून ब्रुअरीला स्वतःची बिअर तिथेच विकायची परवानगी दिली, मग काय, गल्लोगल्ली ब्रूपब. आपल्याकडे पुण्यात डूलाली या ब्रूपबने 2009 ला सुरुवात केली तेव्हा आम्हाला केवढं अप्रूप होतं, इथे तेव्हा या कायद्याला चोवीस वर्षं झाली होती!

मी चेसिन फ्रेशीज घेतली, ही डेशूट्सची फ्रेश हॉप बिअर. पहिल्या घोटाला कडू लागेल म्हणून तयारीत होतो पण कडू नंतर येतं, आधी तो चोळलेल्या बोंडाचा वास तोंडभर पसरतो. दाजींनी ब्लॅक ब्यूट पोर्टर घेतली, काळीभोर, कॉफीच्या अंगाने जाणारी.

आता बर्गर. आम्ही बीफ खात नाही त्यामुळे मी आणि दाजी चिकनवर, ताई पक्की शाकाहारी म्हणून तिला व्हेज. आणि खरं सांगू, तिघांतला बेस्ट बर्गर ताईचा होता. पॅटी बाहेरून चांगली करपवून कुरकुरीत केलेली, आत दाणेदार, भाज्यांचा लगदा नाही, वर चेडर वितळून कडेने ओघळलेलं आणि बन बटरवर भाजलेला. ताईने अर्धा मला दिला (मागितला म्हणून दिला, पण दिला). त्या करपलेल्या कडेसोबत दाजींची पोर्टर काय लागते! चीजचा जडपणा मात्र माझी हॉपवाली बिअरच कापते, म्हणून दोघांनी दोन वेगळ्या घ्या आणि ग्लास फिरवत राहा.

दाजींनी मग एक भारी गोष्ट सांगितली. आम्ही आलो त्या ब्लू लाइनचं एक टोक हिल्सबरो आणि दुसरं ग्रेशम, आणि गार्डनबर्गर हा अमेरिकाभर गाजलेला व्हेज बर्गर ऐंशीच्या दशकात त्या ग्रेशममधेच जन्मला, पॉल वेनर नावाच्या माणसाच्या शाकाहारी रेस्टॉरंटमधे, उरलेल्या भाज्या, भात आणि ओट्समधून. ताई एकदम खूश, म्हणे मग पुढच्या शनिवारी शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं.

जाणाऱ्यांसाठी, पासपोर्ट जवळ ठेवा, केस पिकलेले असले तरी आयडी मागतात. ओरेगॉनमधे सेल्स टॅक्स नाही, मेनूवरची किंमत तीच बिलावर, फक्त टिप धरा. आणि नुसतं "आयपीए द्या" (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सवाली बिअर) म्हणू नका, यंदाचे फ्रेश हॉप कुठले आलेत ते विचारा, आधी छोट्या ग्लासात चाखायला देतात.