कमी बजेटचं ५.१: रिसीव्हर ठरला, पुढचे तीन लागले, सबशी झटापट चालू

आधी सध्याची स्थिती सांगतो, म्हणजे ज्यांना पुढचं पाल्हाळ नको ते इथेच सुटतील. घरी चित्रपट पाहायला ५.१ची, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरची, ध्वनियंत्रणा उभी करतो आहे. रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारं यंत्र, कपाटावर चढला आहे. समोरचे तीन स्पीकर जागेवर आहेत. सबवूफरने, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणाऱ्या ‘सब’ने, कोपरा सोडून डावी भिंत धरली आहे. सराउंड, म्हणजे बाजूला किंचित मागे येणारे दोन स्पीकर, तात्पुरत्या स्टँडवर उभे आहेत आणि कॅलिब्रेशनची (माइकने मोजून रिसीव्हर खोलीशी जुळवण्याची) पहिली फेरी उरकली आहे. ॲटमॉसचे, म्हणजे वरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बीच्या पद्धतीचे, छतातले स्पीकर मात्र यादीत खाली ढकलले, त्याचं कारण पुढे येईल.

पैशांची वाटणी ठरवताना एकच नियम पाळला: जे लवकर जुनं होतं त्यावर कमी, जे वर्षानुवर्षं टिकतं त्यावर जास्त. एचडीएमआयच्या आवृत्त्या बदलत राहतात, रिसीव्हर त्यांच्यामागे फरफटत जातो. चांगला स्पीकर वीस वर्षांनीही तसाच वाजतो. म्हणून सगळ्यात मोठा हिस्सा समोरच्या तिघांना, त्याखालोखाल सबला, मग रिसीव्हर, आणि उरलंसुरलं सराउंडला. बहुतेक जण याच्या उलट करतात, कारण रिसीव्हरच्या खोक्यावर आकडे सगळ्यात मोठे छापलेले असतात.

त्या आकड्यांबद्दल थोडं. एकाच यंत्राच्या माहितीपत्रकात एका ओळीत १७५ वॅट लिहिलेलं असतं आणि चार ओळी खाली ८० वॅट. दोन्ही खरं असू शकतं. पहिला आकडा ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्झच्या एका सुरावर, एकच चॅनल (एका स्पीकरचा मार्ग) चालवून, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) होऊ देऊन काढलेला असतो. दुसरा ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालवून, ०.०८ टक्क्यांच्या आत. तुलना करायची तर दुसऱ्या ओळीचीच करावी. पाचही चॅनल एकदम पूर्ण जोरात चालवले तर स्वस्त रिसीव्हर त्याहूनही खाली येतो, पण चित्रपटात तशी वेळ क्वचितच येते.

किती वॅट लागतात हे कागदावर काढता येतं. माझे स्पीकर ८७ डीबी सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८७ डीबी. बसायची जागा अडीच मीटरवर. मोकळ्या हवेचा हिशेब धरला तर एवढ्या अंतरात ८ डीबी जातात, म्हणजे कानाशी ७९. सिनेमागृहाच्या रेफरन्स पातळीवर एका चॅनलचा सर्वोच्च क्षण १०५ डीबीचा असतो. तिथे पोचायला आणखी २६ डीबी हवेत, म्हणजे ४०० वॅट. ऐकून छाती दडपते. पण घरात रेफरन्सवर कोण ऐकतं? मी फार तर उणे १५ वर, म्हणजे रेफरन्सच्या १५ डीबी खाली, जातो. तिथे शिखर ९० डीबीचं, त्याला पुरतात साधारण १३ वॅट. उणे १० वर गेलो तरी ४०. शिवाय बंद खोलीत भिंतींमुळे प्रत्यक्षात आवाज एवढा पडत नाही, आणि ८० हर्ट्झखालचं ओझं सब स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर उचलतो. ८० आणि १०० वॅटमधला फरक पुरता १ डीबीही नाही. त्यासाठी वरचं मॉडेल घेणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

मग रिसीव्हरमध्ये पाहायचं काय? माझ्यासाठी तीन गोष्टी: खोलीमुळे बिघडणाऱ्या आवाजाचं करेक्शन कुठल्या दर्जाचं, ईआर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून रिसीव्हरकडे आणणाऱ्या ‘आर्क’ची नवी आवृत्ती) आहे का, आणि सराउंडसकट सगळीकडे नीट स्क्रूवाले टर्मिनल आहेत का. काही स्वस्त यंत्रांत सराउंडला स्प्रिंगच्या क्लिप असतात, त्यात बनाना प्लग जात नाही आणि जाड तारही कोंबावी लागते. शेवटी निवड दोघांत आली, यामाहा आरएक्स-व्ही४ए आणि डेनॉन एव्हीआर-एक्स१७००एच. वॅट दोघांचे ८०. यामाहा पाच चॅनलचा, डेनॉन सात चॅनलचा. डेनॉनमध्ये करेक्शनसाठी ऑडिसी कंपनीचं मल्टईक्यू एक्सटी आहे आणि त्याचं वेगळं विकत मिळणारं ॲप चालतं. माझ्यासाठी ॲपने पारडं फिरवलं, कारण दुरुस्ती कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत करायची हे त्यात आपण ठरवू शकतो. ज्यांना ॲटमॉस कधीच नको त्यांनी यामाहा घेऊन वाचलेले पैसे सबमध्ये घालावेत, यात मला काही गैर दिसत नाही.

ईआर्कबद्दल एक गैरसमज फार दिसतो. स्ट्रीमिंगवरचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं आणि ते साध्या आर्कमधूनही जातं, टीव्हीने पुढे सोडलं म्हणजे झालं. ईआर्क लागतो तो डॉल्बी ट्रूएचडीसारख्या लॉसलेस (काहीही न गमावता साठवलेल्या) आवाजाला, तोही प्लेअर टीव्हीला जोडला असेल तरच. प्लेअर थेट रिसीव्हरला लावलात तर प्रश्नच मिटला. त्यामुळे ज्यांचं सगळं पाहणं टीव्हीच्या आतल्या ॲपवर चालतं त्यांनी आर्कवाला जुना, वापरलेला रिसीव्हर घ्यायलाही हरकत नाही. फक्त ऑप्टिकलवर भागवू नका, तिथे साध्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ च्या पुढे गाडी जात नाही.

आता समोरचे तीन. चित्रपटातले जवळजवळ सगळे संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, त्यामुळे इथे काटकसर करणाऱ्याला मी हात जोडतो. बाजारात सेंटर म्हणून आडवा, लांबट स्पीकर मिळतो. दोन वूफर (खालच्या सुरांचे), मध्ये ट्विटर (वरच्या सुरांचा). टीव्हीखाली छान मावतो, म्हणून तसा बनवतात. अडचण भूमितीची आहे. दोन वूफरमध्ये ३० सेंटिमीटर अंतर धरा. अडीच मीटरवर अगदी समोर बसलेल्याला दोघांचा आवाज एकाच क्षणी पोचतो. त्याच्या शेजारी मीटरभर सरकून बसलेल्याला मात्र एक वूफर ११ सेंटिमीटर लांब पडतो. दीड किलोहर्ट्झच्या आसपास हे अंतर बरोबर अर्ध्या तरंगलांबीचं होतं आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. संवाद कळायला जो पट्टा लागतो त्याच्या मधोमध हा खड्डा पडतो. ‘मला काही ऐकू येत नाही, आवाज वाढव’ असं कायम सोफ्याच्या कडेचा माणूस म्हणतो, त्यामागे बरेचदा हे असतं. ज्या सेंटरमध्ये ट्विटरखाली उभा छोटा मिडरेंज (मधल्या सुरांचा) असतो त्यात हा त्रास बराच कमी, पण ते महाग.

मी सरळ तीन सारखे बुकशेल्फ (छोटे, उभे) स्पीकर घेतले आणि मधलाही उभाच ठेवला. त्यासाठी टीव्ही थोडा वर चढवावा लागला. मधला स्पीकर बुटक्या स्टँडवर असून ट्विटर कानाकडे बघेल एवढा मागे कलवला आहे. कार समोरून उजवीकडे जाते तेव्हा इंजिनाचा पोत बदलत नाही, आणि सोफ्याच्या कडेवरून तक्रार बंद झाली आहे. जोडीनेच विकतात म्हणून चौथा उरला. तो वाया जाणार नाही.

डावा आणि उजवा मधल्या रेषेपासून २८ अंशांवर आले. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) मानकात ३० म्हटलं आहे, दोन अंशांसाठी दरवाजा अडवला नाही. सराउंड ११० अंशांवर, कानापेक्षा थोडे वर. हे स्पीकर लहान आणि साधे घेतले आहेत, आणि आत्तापर्यंत तरी त्यांनी काही कमी पडू दिलेलं नाही. तारेबद्दलही दोनच वाक्यं: शुद्ध तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची तार १० मीटर लांब टाकली तरी जाऊन-येऊन रोध ०.२३ ओहम, आठ ओहमच्या स्पीकरला चालतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते पण रोध जवळजवळ दीडपट, म्हणून ती घ्यायचीच तर एक माप जाड घ्या.

खरा वेळ खाल्ला सबने. खोली ४.२ बाय ३.४ मीटर, उंची २.८. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की पहिला रूम मोड, म्हणजे ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो, निघतो: लांबीचा ४१ हर्ट्झ, रुंदीचा ५०, उंचीचा ६१. सब कोपऱ्यात ठेवला की हे तिन्ही जोरात जागे होतात. आरईडब्ल्यू (खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर) आणि कॅलिब्रेटेड यूएसबी माइक घेऊन मोजलं तर ४१ ला ११ डीबीची टेकडी उभी होती. प्रत्येक स्फोट, प्रत्येक ढोल त्याच एका सुरात घुमत होता. ऐकणारे याला ‘भरपूर बेस’ म्हणून दाद देतात, हा या छंदातला जुना विनोद.

मग रांगण्याचा प्रयोग केला. सब उचलून सोफ्यावर ठेवायचा, बेसचा सूर हळूहळू चढवत वाजवायचा, आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत कुठे सगळे सूर सारखे ऐकू येतात ते शोधायचं. जिथे सापडेल तिथे सब, आणि आपण परत सोफ्यावर. घरच्यांनी पाहिलं तर खुलासा तयार ठेवा. कानाने दाखवलेली जागा डाव्या भिंतीला, समोरच्या भिंतीपासून १.७ मीटरवर निघाली, आणि गणितही तेच सांगतं: लांबीच्या मध्याजवळ ठेवलेला सब लांबीच्या पहिल्या मोडला जेमतेम ढकलू शकतो. टेकडी ११ वरून ४ डीबीवर आली, कुठलंही बटण न दाबता.

सोफाही वीतभर पुढे घेतला. तो आधी समोरच्या भिंतीपासून खोलीच्या पाऊण लांबीवर होता, आणि लांबीच्या दुसऱ्या मोडचा, म्हणजे ८२ हर्ट्झचा, शून्यबिंदू (जिथे तो सूर जवळजवळ ऐकूच येत नाही) नेमका तिथेच पडतो. माझा क्रॉसओव्हर ८० चा! सब आणि स्पीकर जिथे हातमिळवणी करतात तिथेच खड्डा. असा खड्डा ईक्यूने (सुरांची पातळी कमी-जास्त करून) भरत नाही, हे ठळक अक्षरात लिहून ठेवावं. १० डीबी उचलायला दहापट वॅट घालवावे लागतात आणि खोली तेही गिळते. टेकडी ईक्यूने कापता येते. खड्ड्यासाठी फर्निचर हलवावं लागतं.

हे सगळं झाल्यावरच माइक रिसीव्हरला लावला. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून थोडा पुढे. आठही जागा मोजल्या, पण सगळ्या मुख्य जागेच्या जवळपास. खोलीच्या टोकाला जाऊन मोजलं की सरासरी बिघडते. निकालात बदललं ते एवढंच: समोरचे स्पीकर यंत्राने ‘लार्ज’ ठरवले होते, ते ‘स्मॉल’ करून ८० वर आणले, म्हणजे त्याखालचा बेस सबकडे जातो. सबचं अंतर मात्र हात न लावता ठेवलं. टेपने मोजलं तर १.८ मीटर, रिसीव्हर म्हणतो साडेतीन. जास्तीचा १.७ मीटर म्हणजे ५ मिलिसेकंद, सबच्या आतल्या फिल्टरचा उशीर. यंत्राला तो माहीत आहे. टेपचा आकडा भरून ‘सुधारणा’ करणाऱ्यांचा बेस पातळ होतो आणि मग ते सबला नावं ठेवतात.

ॲपमध्ये दुरुस्तीची मर्यादा ५०० हर्ट्झवर आणली आणि २ किलोहर्ट्झजवळ मुद्दाम खळगा पाडणारं मिडरेंज कॉम्पेन्सेशन बंद केलं. वरच्या पट्ट्यात चांगल्या स्पीकरचा मूळ आवाज यंत्राच्या कल्पनेपेक्षा मला बरा वाटतो. डायनॅमिक ईक्यू (कमी आवाजात बेस आणि सराउंड उचलून धरणारी सोय) चालू आहे, ऑफसेट १० वर. शून्यावर रात्रीच्या कमी आवाजात सराउंड अंगावर येतात.

राहिला ॲटमॉसचा प्रश्न. रिसीव्हर सात चॅनलचा आहे, उरलेले दोन छताला देता येतील. पण तेवढ्याच खर्चात आत्ता दुसरा सब जास्त फायदा देईल असं माझं मत आहे, कारण मधली जागा सुधारली असली तरी सोफ्याच्या दोन टोकांचा आलेख अजून वेगवेगळा येतो. हरमन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी केलेल्या कामात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सब ही किफायतशीर मांडणी ठरली होती. माझ्याकडे डावी भिंत झालीच आहे. उजवीकडे तेवढ्याच अंतरावर दुसरा आला की दोघं रुंदीच्या ५० हर्ट्झच्या मोडला विरुद्ध बाजूंनी ढकलून निष्प्रभ करतील. डेनॉनला सबचे दोन सॉकेट आहेत, पण दोन्हींत एकच सिग्नल जातो, वेगळं डिले (उशीर) देता येत नाही. दोन्ही सब सारखेच आणि सोफ्याच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर असले तर ते लागतही नाही.

उजव्या भिंतीला पुस्तकांचं कपाट आहे, ते सरकवायचं आहे. त्याच मॉडेलचा सब एका मित्राकडे आहे, तो दोन दिवसांसाठी द्यायला तयार झाला आहे. सोफ्याच्या तीन जागा, दोन्ही मांडण्या, ३० ते १०० हर्ट्झ. तिन्ही आलेख एकमेकांपासून ६ डीबीच्या आत आले तर दुसरा सब घ्यायचा, नाहीतर ते पैसे मागच्या भिंतीवरच्या आवाज शोषणाऱ्या जाड रॉकवूल पॅनेलला. आलेख पुढच्या नोंदीत टाकतो. कोणाकडे अशाच आकाराच्या खोलीतलं दोन सबचं मोजमाप असेल तर आधी दाखवा, कपाट बरंच जड आहे.